हिऱ्यातली खोट आणि लोणावळ्याची वेटिंग रूम



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोललो, भांडलो मराठीतच, पण मराठीत लिहिलं ते फक्त परीक्षेतलं आईला पत्र. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला, तो बहुधा मेसपर्यंत ऐकू गेला असेल. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. मतांच्या चुका मात्र माझ्या.

हा लेख म्हणजे एका प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. मिनी प्रोजेक्टसाठी मी एक विषय सुचवला होता: हिऱ्यातल्या कलर सेंटरचा स्पिन लेसरने वाचायचा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळ, याचा प्लेसमेंटला उपयोग काय?" मला काही सुचलं नाही. "सॉरी सर" म्हणून बाहेर आले. आमच्या ग्रुपने मग लाइन फॉलोअर रोबो केला. तो काळ्या पट्टीवरून छान चालतो. गेल्या वर्षीचाही चालायचा, त्याच्या आधीच्या वर्षीचाही. पट्टीसुद्धा तीच आहे.

सरांवर राग नाही. प्रश्न योग्यच होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते आता देते.

आधी हिऱ्याबद्दल. हिरा म्हणजे नुसता कार्बन. प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेला. आता कल्पना करा की या शिस्तीच्या रांगेत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसला, आणि त्याच्या अगदी शेजारची जागा रिकामीच राहिली. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर एका कॉटवर पाहुणा आणि शेजारची कॉट मोकळी. या जोडीला नायट्रोजन-व्हेकन्सी सेंटर, थोडक्यात एनव्ही सेंटर म्हणतात. बाहेरून एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की ही जोडी कामाची होते. अंगठीतल्या हिऱ्यात काळा ठिपका दिसतो तो हा नव्हे हं! तो दोष जवाहिऱ्याला भिंगातून दिसतो. ही खोट एका अणूच्या मापाची आहे.

'कलर सेंटर' हे नाव रंगावरूनच पडलं. हिऱ्यात सुटासुटा नायट्रोजन असेल तर हिरा पिवळा दिसतो, बोरॉन असेल तर निळा. सुप्रसिद्ध होप हिरा निळा आहे तो बोरॉनमुळे. लांब कशाला जायचं? आपल्या दख्खनच्या कातळातल्या पोकळ्यांत कुठे कुठे जांभळा स्फटिक सापडतो, अ‍ॅमेथिस्ट. तो मूळचा साधा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटीच. त्यात लोखंडाचा अंश शिरला, लाखो वर्षं नैसर्गिक किरणोत्सर्ग बसला आणि जांभळं कलर सेंटर तयार झालं. तापवला की रंग उडतो.

माझे पणजोबा तळेगाव दाभाड्याच्या काच कारखान्यात होते. पैसा फंडाचा कारखाना तो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावात काच तयार व्हायला लागली. आजोबा सांगतात, पणजोबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "वाळूत लोखंड आलं की काच हिरवी पडते." त्यांची सगळी लढाई तो हिरवा रंग घालवण्याची. काचेतला हिरवेपणा आणि हिऱ्यातलं कलर सेंटर या शास्त्रीयदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत, मला माहीत आहे. पण ज्या भेसळीला पणजोबा आयुष्यभर हाकलत राहिले, तसलीच भेसळ आज जगभरच्या प्रयोगशाळा मुद्दाम, मोजून मापून, हिऱ्यात घालतायत. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा त्यांची आठवण झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरीही.

आता ही खोट करते काय ते बघू. एनव्ही सेंटरवर हिरवा लेसर (५३२ नॅनोमीटर) टाकला की ते लाल चमकतं. त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनच्या तीन अवस्था असतात: शून्य, अधिक एक आणि उणे एक. स्पिन शून्यात असेल तर चमक जास्त. अधिक किंवा उणे एकमध्ये असेल तर चमक कमी, कारण काही वेळा ऊर्जा प्रकाश न देताच आडवाटेने उतरते. गंमत म्हणजे त्या आडवाटेने उतरणारा स्पिन बहुतेक वेळा शून्यात येऊन बसतो. म्हणजे एकाच लेसरने पाटी पुसायचीही आणि वाचायचीही. आणि लिहायचं कशाने? मायक्रोवेव्हने. २.८७ गिगाहर्ट्झची लहर दिली की शून्यातला स्पिन उचलला जातो आणि लाल चमक झपकन कमी होते. आपलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे ही फ्रिक्वेन्सी ई अँड टीसीवाल्यांच्या शेजारच्याच गल्लीतली. जवळ चुंबक आणला तर तो एक खड्डा दुभंगून दोन होतात आणि दर गॉसला ५.६ मेगाहर्ट्झने एकमेकांपासून दूर सरकतात. झालं की नाही मॅग्नेटोमीटर!

आणि हे सगळं खोलीच्या तापमानाला. सुपरकंडक्टिंग क्यूबिटला निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचा, अंशाच्या शंभराव्या भागाएवढा थंडावा लागतो. हिऱ्याला साधा पंखाही लागत नाही. १९९७ साली जर्मनीत पहिल्यांदा असं एकच एनव्ही सेंटर सुटं पकडून त्याचा स्पिन वाचला गेला, तोही खोलीच्या तापमानालाच.

असं का, तर हिरा ही शांत जागा आहे. जाळी इतकी कडक की खोलीच्या तापमानाला फारशी थरथरत नाही. त्यात कार्बन-१२ च्या केंद्रकाला स्पिनच नसतो, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री गप्प अभ्यास करणारे रूममेट. फक्त १.१ टक्के कार्बन-१३ असतो, त्याला स्पिन असतो. शंभरात एखादा मोठ्याने गाणी लावणारा, दुसरं काय. हा आवाज काढून टाकला, म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन-१२ चा हिरा तयार केला, तर एनव्हीचा इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानालासुद्धा १.८ मिलिसेकंद आपली अवस्था जपतो, हे २००९ साली दाखवलं गेलं.

पण खरी कमाल पुढे आहे. तोच गाणी लावणारा कार्बन-१३ जर नेमका एनव्हीच्या शेजारी आला, तर त्याला मेमरी म्हणून कामाला लावता येतं. केंद्रकाचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या मानाने सुमारे अडीच हजार पटींनी दुबळं. म्हणून बाहेरचा गोंधळ त्याला फारसा पोचतच नाही. इलेक्ट्रॉनने माहिती घ्यायची आणि शेजाऱ्याच्या कानात सांगून ठेवायची. २०१२ साली हार्वर्डच्या गटाने अशी आठवण खोलीच्या तापमानाला एका सेकंदाहून जास्त टिकवली. २०१९ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने अतिथंड हिऱ्यात दहा क्यूबिटची वही तयार केली, त्यात एका क्यूबिटची आठवण एका मिनिटाहून जास्त टिकली.

तुम्ही म्हणाल, एक सेकंद? आमच्या पेन ड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षाच्या असाइनमेंट्स अजून आहेत! बरोबर. पण त्या असाइनमेंट्स आपण झेरॉक्स करू शकतो (करतोच, सबमिशनच्या आदल्या रात्री). क्वांटम अवस्थेची झेरॉक्स काढता येत नाही. हा कंपनीचा नियम नाही, निसर्गाचा आहे. १९८२ साली तो सिद्ध झाला. त्यामुळे क्वांटम सिग्नल वाटेत दुबळा झाला तर अ‍ॅम्प्लिफायर लावून मोठा करता येत नाही. इथेच आपल्या लोणावळ्याचा संबंध येतो.

समजा मुंबईहून पुण्याला फायबरने एकेक फोटॉन पाठवायचाय. अंतर १५० किलोमीटर धरा. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरला ०.२ डेसिबल नुकसान होतं. म्हणजे एकूण ३० डेसिबल. हजार फोटॉन निघाले तर पुण्याला एक पोचणार. मग मध्ये लोणावळ्याला एक स्टेशन टाकू (खरं तर लोणावळा पुण्याला जवळ आहे, पण हिशेबाला मध्यात धरते). प्रत्येक बाजूला ७५ किलोमीटर, १५ डेसिबल, म्हणजे शंभरात तीन फोटॉन पोचतात. पण दोन्हीकडचे एकाच वेळी पोचायला हवे असतील तर तीन टक्क्यांचे तीन टक्के. म्हणजे पुन्हा हजारात एकच! स्टेशन टाकून फायदा शून्य.

आता हे असं बघा. तुमची मैत्रीण मुंबईहून गाडीने येतेय, तुम्ही पुण्याहून लोकलने. लोणावळ्याला भेटायचंय. स्टेशनवर थांबायला जागाच नसेल, गाडीतून उतरल्या मिनिटाला समोरची भेटली नाही तर परत फिरावं लागत असेल, तर भेट होणार कधी? पण वेटिंग रूम असेल तर जी आधी येईल ती बसून राहील. हिऱ्यातली मेमरी म्हणजे ही वेटिंग रूम. मग हिशेब बदलतो. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे प्रयत्न करत राहतात, जिचं आधी जमेल ती थांबते. हजाराऐवजी सरासरी पन्नासेक प्रयत्नांत काम होतं. दोघी आल्या की लोणावळ्याचा हिरा दोन्ही धागे एकमेकांत गुंफतो आणि मुंबई-पुणे थेट जोडलं जातं. याला क्वांटम रिपीटर म्हणतात.

थांबायचं किती? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ७५ किलोमीटर जायचं आणि निरोप परत यायचा, ०.७५ मिलिसेकंद. पन्नास प्रयत्न म्हणजे सुमारे ३८ मिलिसेकंद. १.८ मिलिसेकंदवाला इलेक्ट्रॉन तोवर सगळं विसरून गेलेला असेल. एक सेकंद टिकणारं केंद्रक मात्र आरामात थांबेल. म्हणून तो एक सेकंद महत्त्वाचा, मित्रहो!

घाटावरची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ इतका (सदतीसास एक) की कर्जतला मागून बँकर इंजिनं लावून गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलावी लागते. एका इंजिनाच्या आवाक्याबाहेरचं अंतर टप्प्याटप्प्याने कसं पार करायचं, हे या गावाला नव्याने शिकवायची गरज नाही.

आता उत्साह थोडा आवरते, कारण अर्धसत्य सांगणं बरं नाही. माझा हिशेब फक्त फायबरच्या नुकसानीचा आहे. प्रत्यक्षात एनव्हीच्या प्रकाशातला जेमतेम तीन टक्के भाग गुंफणीच्या कामाचा असतो, आणि तो लाल असल्याने फायबरमध्ये फार लवकर विरतो. म्हणून त्याचा रंग आधी टेलिकॉमच्या तरंगलांबीवर बदलावा लागतो. आठवण खोलीच्या तापमानाला टिकते, पण दूरच्या दोन हिऱ्यांची गुंफण करायला हिरा साधारण ४ केल्व्हिनपर्यंत थंड करावा लागतो. तरी काम पुढे सरकतंय. २०१५ साली डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरचे दोन हिरे गुंफले गेले, २०२१ साली तीन नोड्सचं जाळं झालं, आणि २०२४ साली डेल्फ्ट ते हेग अशी जमिनीखालच्या २५ किलोमीटर फायबरवरची गुंफण प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हार्वर्डने नायट्रोजनऐवजी सिलिकॉन घातलेले हिरे वापरून बॉस्टन परिसरातल्या ३५ किलोमीटर फायबरच्या फेऱ्यातून हेच दाखवलं. १५० किलोमीटर आणि आपला घाट अजून लांब आहे. पण आता प्रश्न 'होईल का' असा राहिलेला नाही, 'कोण करेल' असा आहे.

आणि इथे माझं खरं म्हणणं सुरू होतं.

आपल्या मावळात सप्टेंबर २०२२ पासून एक जखम आहे. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. आकडा १.५४ लाख कोटींचा. तो गुजरातला गेला. आमच्या सोसायटीत, लोकलमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली, तरी हळहळ गेली नाही. कोणाचं चुकलं यावर मी बोलणार नाही, त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत. मला खटकलं ते वेगळंच. आपण सगळे वाट बघत बसलो होतो. कोणीतरी येईल, कारखाना टाकेल आणि आपल्याला नोकरी देईल. ज्या तळेगावात एकेका पैशाने कारखाना उभा राहिला, त्याच तळेगावात!

फॅब एकेका पैशाने होत नाही, मान्य. पण एनव्ही सेंटरचा प्राथमिक प्रयोग होतो. काय लागतं? हिरवा लेसर, एनव्ही असलेला कृत्रिम हिऱ्याचा छोटासा तुकडा, लाल फिल्टर, फोटोडायोड, ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा मायक्रोवेव्ह सोर्स, तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक चुंबक आणि अंधारी खोली. लेसरसाठी गॉगल आणि देखरेख हवी, त्यात थट्टा नाही. बाकी सगळं एका टेबलावर मावतं. मेमरी आणि रिपीटर यातून होणार नाहीत. पण २.८७ वरचा तो खड्डा आपल्या डोळ्यांनी दिसेल, आणि जग ज्या वाटेने चाललंय त्या वाटेचा पहिला मैलाचा दगड तोच आहे.

हे काम परदेशातच चालतं असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट याच एनव्ही सेंटरवर काम करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये टीसीएसने त्यांच्याबरोबर चिपच्या आतली चुंबकीय क्षेत्रं टिपणारा क्वांटम डायमंड मायक्रोचिप इमेजर बनवण्याचं जाहीर केलं. म्हणजे ही खोट सेमीकंडक्टरच्या तपासणीलाही उपयोगी. आणि लक्षात घ्या, त्यांचा विभाग फिजिक्सचा नाही, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा आहे. पुण्यात आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचा आय-हब आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नॅशनल क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी मंजूर केले. त्याच्या उद्दिष्टांत क्वांटम मेमरी असलेलं अनेक नोड्सचं जाळं स्पष्ट लिहिलेलं आहे. कृत्रिम हिऱ्यांवरच्या संशोधनासाठी आयआयटी मद्रासला २४२ कोटी मिळाले. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्याच देशात पडतात, सुरतेत, आणि व्यापार वांद्र्याच्या हिरे बाजारातून होतो. म्हणजे हिरा आहे, पैसा आहे, जाणकार माणसं दोन तासांच्या अंतरावर आहेत. नाहीये तो आपल्या लॅबमधला टेबल.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, हे फिजिक्सवाल्यांचं काम. त्याला उत्तर वर दिलं. दुसरा, क्वांटम म्हणजे नुसती हवा. हवा आहेच! प्रदर्शनात 'क्वांटम एनर्जी'चं लॉकेट विकणारे मीही पाहिलेत. पण खोट्या लॉकेटवर उपाय एकच, खरा प्रयोग स्वतः करून बघणं. ज्याने तो खड्डा स्क्रीनवर पाहिलाय त्याला लॉकेट विकता येणार नाही. तिसरा आक्षेप सरांचा, प्लेसमेंटचा. सर, हा प्रयोग करताना मुलाला मायक्रोवेव्ह जोडता येतो, ऑप्टिक्स जुळवता येतं, गोंगाटातून दुबळा सिग्नल काढता येतो, नॅनोसेकंदांचे पल्स तयार करता येतात. यातली एकेक गोष्ट रडारमध्ये लागते, मोबाइलमध्ये लागते, हॉस्पिटलच्या एमआरआयमध्ये लागते. क्वांटमचा फुगा उद्या फुटला तरी हे शिकलेलं वाया जाणार नाही. लाइन फॉलोअरने आम्हाला काय शिकवलं हे व्हायवामध्ये विचारलं गेलं होतं. आम्ही चौघीही पट्टीकडे बघत राहिलो.

म्हणून मागणी छोटी आहे. दर वर्षी लॅबसाठी जी खरेदी होते, तिच्या यादीत एकदा या टेबलाचा विचार व्हावा. फिजिक्स, ई अँड टीसी आणि इलेक्ट्रिकल, तिघांनी मिळून तो वापरावा. एकट्याने परवडत नसेल तर आसपासच्या दोन-तीन कॉलेजांनी वर्गणी काढावी. पैसा फंडच की! आणि आपण विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टचा विषय निवडताना सीनियरची फाइल उघडण्याआधी निदान एक दिवस स्वतः विचार करावा. मीही हेच म्हणते, जिने सीनियरची फाइल उघडली होती.

परवा हे सगळं आजोबांना सांगितलं. जमेल तेवढ्या मराठीत. वेटिंग रूमचा दाखला त्यांना लगेच पटला, ३८ मिलिसेकंदांवर मात्र ते हसले. म्हणाले, "लोणावळ्याला मी चार-चार तास बसलोय लोकलसाठी." मग थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, "मग ती खोट काढायची नाही म्हणतेस?"

नाही आजोबा. नेमकी जागच्या जागी घालायची. आणि ते इथे, मावळात बसून शिकायचं आहे.

सर, पुढच्या सेमिस्टरला मी पुन्हा केबिनमध्ये येणार आहे. विषय तोच असेल.

— टी. ई. (ई अँड टीसी), लेडीज हॉस्टेल